तीन बोटांचा चहा

आतोबांचे पुढचे दोन दात बंदुकीनं पाडले. गोळीनं नाही. बंदूक रिकामी होती, टेबलावर आडवी पडली होती आणि आतोबा तिच्या पोटातली स्प्रिंग काढत होते. ऑटो बंदूक म्हणजे एक बार झाला की दुसरं काडतूस आपलं आपण पुढे घेणारी. हिच्या मोठ्या नळीखाली एक छोटी नळी असते. काडतुसं तिच्यात एकामागे एक झोपतात आणि मागून हातभर लांबीची स्प्रिंग त्यांना ढकलत राहते. स्प्रिंग आत चेपून बसवलेली, तोंडाशी एवढंसं झाकण. आतोबांनी झाकण स्क्रूड्रायव्हरनं उचकटलं आणि आत काय दिसतं म्हणून डोकावले.

‘थ्प्रिंग,’ रक्ताची गुळणी टाकत आतोबा म्हणाले. ‘थ्प्रिंग थुटली.’

आत्यानं त्यांच्या तोंडात फडकं कोंबलं, दात वाटीत ठेवले, रिक्षा बोलावली. डॉक्टरकडून परत आल्यावर आतोबांनी दुकानाची किल्ली तिच्यापुढे ठेवली आणि बियाणांच्या दुकानात नोकरी धरली. बियाणं उडत नाही. तेव्हापासून एकोणतीस वर्षं बंदुकांचं दुकान आत्याचं आहे, आणि आतोबा अजूनही तिला ‘थावकाश गं, थावकाश’ असं बजावून कामाला जातात.

आत्यानं पहिल्याच आठवड्यात स्प्रिंगसाठी टोपडं बनवलं. पाण्याच्या पाइपचा तुकडा, एका बाजूनं बंद, बाजूला खाच. झाकणावर बसवायचं, दाबायचं, फिरवायचं. मग स्प्रिंगला उडायचं तर टोपड्यात उडू दे. त्यानंतर तिला हत्यारांचं वेडच लागलं. खटक्याच्या पिना ठोकायला पितळी पंच, कारण लोखंडी पंच बंदुकीला ओरबाडतो. नळीच्या तोंडाशी एक आट्यांची पुंगळी बसवलेली असते, ती गंजून अडकली की काढायला दोन कानांची किल्ली. आणि दस्त्याच्या, म्हणजे खांद्याला टेकवायच्या लाकडाच्या पोटात, पार खोल, एक नट असतो. तिथं बाजारातला कुठलाच पाना पोहोचत नाही. तो काढायला आत्यानं सायकलच्या दांड्यापासून हातभर लांब पाना केला. त्याचं नाव लंबू. सगळी हत्यारं भिंतीवरच्या फळीवर टांगलेली, आणि प्रत्येकाच्या मागे पांढऱ्या रंगात त्याची सावली काढलेली. संध्याकाळी एकही सावली उघडी दिसली तर शटर खाली येत नाही. मग पाहुणे येऊन बसलेले असोत नाहीतर घरात कुकर शिट्ट्या मारत असो.

गिऱ्हाईक आलं की आत्याचं पहिलं वाक्य ठरलेलं.

‘रिकामी कर.’

‘रिकामीच आहे ताई.’

‘मला सांगू नकोस. दाखव.’

हे ‘रिकामीच आहे’ प्रत्येक जण आपापल्या सुरात म्हणतो. नेमबाजीच्या क्लबातले दातांचे डॉक्टर म्हणतात ‘रिकाऽऽमीच आहे हो,’ जणू इंजेक्शन दुखणार नाही असं सांगतायत. रानडुकरांना पिटाळणारे बागवाले म्हणतात ‘रिकामीच!’ आणि वर आपणच खवळतात. छताच्या पत्र्याला एक भोक आहे, त्याभोवती आत्यानं लाल रंगानं गोल काढलाय. तिथून ऊन थेट शेगड्यावर पडतं. शेगडा म्हणजे वस्तू घट्ट धरून ठेवणारा लोखंडी जबडा, टेबलाला बोल्टनं जखडलेला. कोणी नवीन माणसानं भोकाबद्दल विचारलं की आत्या सांगते, ‘तीसुद्धा रिकामीच होती.’

आता कड्याचं सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्या कड्यावर आहे.

ऑटो बंदुकीत काडतूस फुटलं की त्याचा थोडा धूर आणि जोर छोट्या नळीवरच्या एका दट्ट्याला मागे ढकलतो. दट्ट्या मागे गेला की रिकामं टरफल बाहेर आणि नवं काडतूस आत. तो जोर मधेच गळून जाऊ नये म्हणून दट्ट्याच्या पुढे एक रबरी कडं असतं. काळं, बारीक, दिसायला लोणच्याच्या बरणीचं असावं तसं. ते नसलं तर पहिला बार बरोब्बर उडतो, पण दुसरं काडतूस येत नाही. ते हातानं बंदुकीच्या बाजूची कडी ओढून आणावं लागतं. बाकीचे सगळे भाग आत्या ताटात मांडते, ताटातसुद्धा सावल्या काढलेल्या आहेत. पण कड्याला ताटात जागा नाही. ते गोल, त्यातून रबरी. एकदा घरंगळलं ते घासायच्या मशिनखाली गेलं आणि दोन दिवसांनी सापडलं. तेव्हापासून बंदूक उघडली की कडं निघाल्या निघाल्या आत्या ते डाव्या हातात घालते, करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट दोन्ही मिळून. बंदूक जोडेपर्यंत ती दोन बोटं जुळ्यासारखी एकत्र. त्यामुळे चहाचा कप ती उरलेल्या तीन बोटांनी धरते. समोरच्या टपरीतले इस्त्रीकाका प्रत्येक गोष्ट दोनदा बोलतात. ते तिकडूनच बघतात आणि ओरडतात, ‘आज कोणाची उघडलीय? कोणाची उघडलीय?’

त्या सोमवारी दणक्याची उघडली होती.

दणका म्हणजे खडीच्या खाणीचा मालक. नाव दणका, पण बोलणं असं की लोण्यात बोट घालावं. त्याच्या प्रत्येक वाक्यात ‘जरा’ असतं. जरा चहा सांग. जरा बस ना. खाणीवर एका मजुराच्या तोंडावर त्यानं फावडं मारलं होतं, तेही म्हणे ‘जरा तोंड इकडे कर’ असं सांगून. त्याची बायको अख्ख्या गल्लीची वहिनी. वहिनीचं एकच वाक्य: ‘काही नाही हो.’ काही नाही हो, दार लागलं. काही नाही हो, पायरीवर पडले. हात गळ्यात बांधून भाजी घ्यायला आली तरी काही नाही हो.

सोमवारी दणका बंदूक घेऊन आला. ‘ताई, दस्ता जरा हलतोय. पडली जरा.’

‘कुठे पडली?’

‘घरात.’

‘फरशीवर?’

‘जरा तसंच.’

आत्यानं रिकामी करून घेतली, ठेवून घेतली. तो गेल्यावर छोट्या नळीच्या तोंडावरची टोपी फिरवून मोठी नळी काढली, कडं काढून बोटांत घातलं, खटका, दट्ट्या, सगळं ताटात मांडलं. मग लंबू आत घातला आणि नट ढिला केला. दस्ता सुटला. लाकूड आणि लोखंड जिथं भेटतात त्या फटीत काहीतरी अडकलं होतं. चिमट्यानं ओढलं तर केस. दोन लांब केस, मुळासकट. मुळाशी वाळलेलं रक्त, त्याला चिकटलेला कातडीचा पापुद्रा.

फरशीला केस नसतात.

आत्यानं चिमटा तसाच धरून पोलिसांना फोन केला. पलीकडचा शिपाई जेवत होता, हे त्याच्या बोलण्यावरून कळत होतं. ‘बाई, केस सापडले म्हणून केस होत नाही. तक्रार कोणाची? तिची? मग तिला येऊ दे. साहेब? साहेब बाहेर. कधी? आले की कळेल.’

मग तिनं दणक्याच्या धाकट्या भावाला फोन लावला. त्याचं टायरचं दुकान, म्हणून तो ट्यूबभाऊ. ढेरपोट्या आहे, आणि ‘म्हणजे कसंय’ म्हटल्याशिवाय त्याचं तोंड उघडत नाही.

‘म्हणजे कसंय ताई, तो मोठा भाऊ पडतो...’

‘तुझ्या वहिनीचं डोकं फुटलंय. बंदुकीच्या दस्त्यानं. घरी जा आणि तिला घेऊन ये.’

‘म्हणजे कसंय...’

‘पुढच्या वेळी तो दुसऱ्या टोकानं मारेल.’

ट्यूबभाऊ गेला. दणका खाणीवर होता. वहिनी स्वयंपाकघरात डोक्याला टॉवेल बांधून भिंतीला टेकून बसली होती, टॉवेल मागून लाल झालेला. ‘काही नाही हो भाऊजी,’ एवढं म्हणून तिनं चपला घातल्या. चक्कर येत होती, तिला धरून रिक्षात बसवावं लागलं. दवाखान्यात सात टाके पडले. रात्री ती ट्यूबभाऊच्या दुकानामागच्या खोलीत झोपली.

मंगळवारी सकाळी अकराला दणका आत्याच्या दुकानात आला. आत येऊन त्यानं शटर अर्धं खाली ओढलं.

‘ताई, जरा बंदूक दे.’

‘झाली नाही.’

‘जरा जोडून दे. माझी बायको हरवलीय. धाकट्याकडे सापडलीय म्हणे.’ तो हसला. ‘जरा दोघांना भेटून येतो.’

‘बंदूक मिळणार नाही. ती पोलिसांत जाणार आहे.’

दणक्यानं एकदम काही केलं नाही. आत्याचा मोबाइल टेबलावर होता तो उचलला, पुसला आणि तेलाच्या डब्यात सोडला. मग आत्याचा डावा हात मनगटाशी धरला आणि शेगड्याच्या जबड्यात सारला. आत्या काही काडीची बाई नाही. तिनं उजव्या हातानं पितळी पंच उचलून त्याच्या गालात खुपसला. गाल फाटला, पंच दाढेवर आपटल्याचा आवाज तिला आला. दणक्यानं पंच उपसून खाली टाकला, हनुवटीवरून रक्त गळत असताना शेगड्याचा दांडा धरला आणि फिरवला.

‘जरा दुखेल,’ तो म्हणाला.

शेगड्याच्या जबड्यांना आत्यानं चामडं लावलेलं आहे, बंदुकीला चरे पडू नयेत म्हणून. जाडजूड, चपलेच्या तळाचं. त्या चामड्यानं तिचा पंजा वाचवला असं नंतर डॉक्टर म्हणाले. त्या वेळी तिला तसं काही वाटलं नाही. करंगळीचं हाड मोडलं तेव्हा काकडी मोडावी तसा आवाज झाला, आणि आत्या ओरडली ती अशी की समोर इस्त्रीकाकांच्या हातातली इस्त्री एका शर्टावर विसरली गेली. पण रस्त्यावरून ट्रक जात होता, शटर अर्धं खाली होतं, काकांना वाटलं आतोबांचं पुन्हा काही थुटलं.

‘आता जोड,’ दणका म्हणाला. ‘एका हातानं येतं तुला. जरा चुकलीस की पाव फेरा.’

आत्यानं जोडायला घेतली. सांगताना ती नेहमी इथं थांबते आणि म्हणते, ‘दुसरं काय करणार? हात त्याच्याकडे होता.’ लंबूनं दस्त्याचा नट आवळला. एका हातानं बंदूक हलत होती, म्हणून ती दणक्यालाच खेकसली, ‘धर. वर धर. वर म्हणजे छताकडे, तुझ्या नाकाकडे नाही!’ आणि दणका, ज्याला अख्खी खाण घाबरते, तो फाटक्या गालानं बंदूक वर धरून उभा राहिला. खटक्याचा डबा बसला. पिना बसल्या. एक पिन अर्धवट आत गेली तेव्हा त्याला वाटलं ती मुद्दाम करतेय, त्यानं पाव फेरा दिला. शेजारचं बोटही गेलं. आत्याला उलटी झाली, टेबलावरच. तिनं बाहीनं तोंड पुसलं आणि पिन ठोकली.

दट्ट्या बसवला. आता कड्याची पाळी. मग नळी, मग पुढचं लाकूड, मग टोपी, की बंदूक तयार.

आत्यानं ताटाकडे बघितलं. ताटातल्या सगळ्या सावल्या उघड्या होत्या, तिथं काही उरलं नव्हतं. मग तिनं शेगड्याकडे बघितलं. चामड्यांच्या मधून तिची दोन बोटं बाहेर आली होती, निळी, वांग्यासारखी फुगलेली, आणि त्यांच्यात रुतून बसलेलं कडं. छताच्या भोकातलं ऊन बरोब्बर त्याच्यावर पडलं होतं.

एकोणतीस वर्षांत या टेबलावरून एकही बंदूक अपुरी गेली नव्हती. एक पिन नाही, एक स्क्रू नाही. क्लबातले डॉक्टर सांगतात, तिनं एकदा भर पावसात त्यांच्या घरी जाऊन दस्त्याखालचा वॉशर दिला होता, कारण तिनं घातला होता की नाही याची तिला रात्रभर शंका आली.

‘काय झालं?’ दणका म्हणाला.

‘नळी दे,’ आत्या म्हणाली.

दणक्यानं नळी दिली. तिनं बसवली. लाकूड चढवलं. टोपी आवळली.

दणका काही दूधखुळा नव्हता. फळीवर आत्याची लाकडी काडतुसं होती, फुटत नाहीत अशी, तपासण्यासाठी केलेली. त्यानं तीन भरली, कडी ओढली. टुण, एक बाहेर. पुन्हा ओढली, दुसरं बाहेर. तिसरं. खटका दाबला, टक. हातानं ओढलं की कड्याचं काही काम नसतं. कडं लागतं ते खऱ्या बारालाच.

‘झकास,’ तो म्हणाला. मग खिशातून खरी काडतुसं काढून भरली. पाच. आत्याला एकेक दिसेल अशी.

जाताना त्यानं शेगड्याचा दांडा उपसून घेतला आणि शटरखालून गटारात भिरकावला. ‘जरा बस,’ म्हणाला, आणि जीप सुरू झाल्याचा आवाज आला.

दांड्याशिवाय शेगडा उघडत नाही. आत्यानं उजव्या हातानं ताट उचललं आणि शटरवर फेकलं. मग हातोडी. मग चहाचा कप. कपाला इस्त्रीकाका आले, शटरखालून वाकून, हातात गरम इस्त्री तशीच.

‘काय झालं, काय झालं? अरे देवा, अरे देवा! सोडवतो, सोडवतो!’

‘सोडवू नका. फोन लावा.’

‘हात, बाई, हात!’

‘हात कुठे जात नाही! फोन लावा ट्यूबला! समोर भिंतीवर नंबर आहे!’

समोरच्या भिंतीवर ट्यूबभाऊच्या दुकानाची जाहिरात रंगवलेली आहे. इस्त्रीकाकांना दहा वर्षं ती रोज दिसते. काकांनी नंबर मोठ्यानं वाचत लावला, दोनदा वाचला, दोनदा चुकला. तिसऱ्यांदा लागला. फोन आत्याच्या कानाला धरला.

‘म्हणजे कसंय, कोण बोलतंय?’

‘ऐक. तो निघालाय, बंदूक घेऊन. जीप आहे. दहा मिनिटं.’

‘पळतो आम्ही.’

‘कशावर?’

‘स्कूटर... स्कूटर पंक्चर आहे ताई.’

आत्यानं डोळे मिटले. ‘टायरवाल्याची. बरं. वहिनीला धावता येत नाही आणि तुमच्याकडचा रस्ता एकच. वाटेत गाठेल. ऐक, नीट ऐक. त्याच्या बंदुकीत एकच बार आहे.’

‘एकच काडतूस?’

‘काडतुसं पाच. बार एक. पहिला उडणार, दुसरा आपोआप यायचा नाही. हातानं ओढलं तर येईल. पण ऑटोवाल्याचा हात आळशी असतो, त्याला ओढायचं सुचत नाही. तुम्हाला मिळाला तर एवढाच वेळ. पहिला बार फुकट घालव. त्याला काहीतरी दाखव, माणसाएवढं. स्वतः उभा राहू नकोस.’

‘म्हणजे कसंय, आणि मग?’

मागून वहिनीचा आवाज आला. ‘काही नाही हो भाऊजी. फोन ठेवा.’

त्यानंतर काय झालं ते ट्यूबभाऊ एका प्रकारे सांगतो आणि वहिनी सांगतच नाही, त्यामुळे ट्यूबभाऊचंच खरं धरायचं.

दुकानात हवा भरायचा कॉम्प्रेसर दारालगत. त्याच्या आड वहिनी उभी राहिली. ट्यूबभाऊनं आपला कामाचा डगला हातगाडीच्या दोन ट्यूबांवर चढवला, ट्यूबांत हवा मारली, आणि तो ढेरपोट्या बाहुला मागच्या खोलीच्या दारात, मळक्या प्लास्टिकच्या पडद्याआड टांगला. ‘सेम माझ्यासारखा दिसत होता,’ तो अभिमानानं सांगतो. स्वतः टायरांच्या थप्पीमागे बसला. पण ढेर बाहेर राहिली, कानही राहिला.

जीप थांबली. दणका दारात आला. गालातून रक्त अजून गळत होतं, शर्ट छातीपर्यंत लाल. बाहेर पांढरं ऊन, आत अंधार, डोळे बसायच्या आधीच त्यानं पडदा हलताना बघितला.

‘धाकट्या, जरा इकडे बघ,’ म्हणाला आणि उडवला.

एकाच वेळी दोन बार झाले, एक बंदुकीचा, एक ट्यूबांचा. डगल्याच्या चिंध्या छताला चिकटल्या. चार छर्रे टायरांवरून उसळून ट्यूबभाऊला लागले. एकानं कानाची पाळी उडवली, तीन पोटरीत घुसले. ‘मेलो!’ असं तो जे ओरडला ते अजिबात नाटक नव्हतं.

दणका हसला. तेव्हा वहिनी कॉम्प्रेसरमागून बाहेर आली. डोक्याला पट्टी, हातात टायर उचकटायची पहार, मांडीएवढी लांब. दणक्यानं बंदूक तिच्याकडे वळवली. दोघांमध्ये तीन पावलं.

‘ये,’ तो म्हणाला. ‘जरा जवळ ये.’

खटका दाबला. काही नाही. टकसुद्धा नाही. खटका नुसता सैल, लटकल्यासारखा. पुन्हा दाबला. बारा वर्षं ती बंदूक सगळं आपलं आपण करत आली होती, आता का करत नाही म्हणून तो तिच्याकडे बघत राहिला, जसं कोणी बंद पडलेल्या घड्याळाकडे बघतं. तिसऱ्यांदा दाबला. कडी बोटाच्या शेजारी होती.

वहिनीनं पहार मनगटावर मारली. हाड चामडीबाहेर आलं. बंदूक पडली. दुसरी मारली गुडघ्यावर, बाजूनं, आणि गुडघा ज्या दिशेनं वळत नाही त्या दिशेनं वळला. दणका खाली गेला. त्याच्या तोंडून ‘जरा’ निघालं नाही, दुसरंच काही निघालं, शाळेत शिकवत नाहीत असं. तिसऱ्यांदा पहार वर गेली ती डोक्यासाठी. ट्यूबभाऊ पोटरीतल्या रक्ताची रेघ ओढत सरपटत आला आणि त्यानं तिच्या कमरेला मिठी मारली. ‘वहिनी, म्हणजे कसंय, पुरे! पुरे!’

पहार थोडा वेळ वरच राहिली. दणका खालून ती बघत होता. मग वहिनीनं ती हळू खाली घेतली आणि पायानं बंदूक लांब सरकवली.

शेजारचे धावत आले. कोणीतरी ओरडलं, ‘काय झालं हो वहिनी?’

‘काही नाही हो,’ वहिनी म्हणाली. ‘पायरीवर पडले.’

ट्यूबभाऊच्या दुकानाला पायरी नाही.

इकडे इस्त्रीकाकांनी गटारात दंडापर्यंत हात घालून शेगड्याचा दांडा काढला आणि आत्याला सोडवलं. पोलिसांना फोनही त्यांनीच केला. ‘या वेळी कोणी जेवत असलं तर ताटासकट पाठवा, ताटासकट पाठवा!’

दवाखान्यात तरुण डॉक्टरनं आत्याची बोटं बघून भुवया उंचावल्या. ‘ही दोन बोटं एकत्र बांधायचं कुणाला सुचलं? योग्य केलंत, मोडलेलं बोट शेजारच्याला बांधतात. पण एवढं घट्ट?’

‘ते बंदुकीचं आहे,’ आत्या म्हणाली. ‘कापू नका. नवीन मिळत नाही.’

कापावं लागलंच. दोन तुकडे झाले.

चौथ्या दिवशी साहेब स्वतः जबाब घ्यायला आले. वहिनी आत्याच्या उशाशी बसली होती, दोघी मिळून एका कपातून चहा पीत होत्या, कारण दुसरा कप आत्यानं शटरवर फेकला होता. साहेब समजूतदार, हळू बोलणारे, प्रत्येक वाक्याआधी खाकरणारे.

‘बाई, ऊं, बंदूक तपासली. कडं नाही. त्याचा वकील म्हणणार, तुम्ही मुद्दाम बिघडवून दिली, उगाच फाटे फुटतील. आपण असं लिहू, की वेदनेमुळे, ऊं, घाईत, चुकून राहून गेलं. सोपं पडेल.’

‘काय राहून गेलं?’

‘कडं.’

‘चुकून?’

‘चुकून.’

आत्या उशीवरून उठून बसली. वहिनीनं कप काढून घेतला म्हणून बरं, नाहीतर तोही गेला असता.

‘एकोणतीस वर्षं, साहेब. माझ्या टेबलावरून पिन राहिली नाही कधी. वॉशर राहिला नाही. आणि तुम्ही सरकारी कागदावर लिहिणार, हिच्याकडून चुकून कडं राहिलं? उद्या मला बंदूक कोण देईल?’

‘बाई, तुमच्या भल्यासाठी...’

‘लिहा. मुद्दाम. मला कडं दिसत होतं, मला कळत होतं, आणि मी नळी मागितली. एक बार जाणार हेही कळत होतं.’ तिनं वहिनीकडे बघितलं. ‘तो एक थांबवता आला नाही. फक्त त्याला टोपडं घालता आलं नाही.’

वहिनी म्हणाली, ‘काही नाही हो ताई.’

साहेब खाकरले आणि त्यांनी ‘मुद्दाम’ लिहिलं. आत्यानं वाचून घेतलं, मग उजव्या हातानं सही केली. वकिलानं फाटे फोडलेच, पण दस्त्याच्या फटीतले ते दोन केस आणि वहिनीचे सात टाके कोर्टात शेजारी शेजारी ठेवले गेले, आणि दणका आत गेला. लंगडत गेला.

आत्याची ती दोन बोटं हाडं जुळल्यावरही सुटी झाली नाहीत. एक वाकलं की दुसरं वाकतं. दुकान सहा आठवड्यांनी उघडलं. पहिल्या दिवशी काम काहीच नव्हतं, ती नुसती शटरशी चहा घेऊन बसली होती. तीन बोटांनी कप धरून.

समोरून इस्त्रीकाकांनी बघितलं आणि सवयीनं ओरडले, ‘आज कोणाची उघडलीय? कोणाची उघडलीय?’ मग त्यांच्या लक्षात आलं आणि त्यांनी जीभ चावली.

आत्यानं घोट घेतला. ‘तुमची उघडू का? लंबू रिकामाच आहे.’

‘नको, नको,’ काका म्हणाले, आणि शर्ट जळायच्या आत इस्त्रीकडे वळले.